चाळीस ताटल्यांवरचं हसू

"आता तरी चेहऱ्यांचा कुंचला माझ्या हाती देणार की नाही, गुरुजी?"

युआनने हे विचारलं तेव्हा फान गुरुजी चहा पीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"चाळीस ताटल्या," युआन म्हणाला. "चाळीसच्या चाळीस पूर्ण. तीन दिवसांत. एका चेहऱ्यात आणि दुसऱ्यात केसाचाही फरक नाही. हवं तर शेजारी शेजारी ठेवून बघा."

गुरुजींनी चहावर फुंकर मारली.

आधी थोडं सांगून टाकतो, म्हणजे पुढे अडायला नको. ही गोष्ट चीनमधल्या कँटन बंदरातली, शिडाच्या जहाजांच्या काळातली. फिरंगी व्यापारी त्यांच्या देशातली छापील चित्रं घेऊन यायचे आणि इथले चितारी ती चित्रं चिनी मातीच्या पांढऱ्या ताटल्यांवर उतरवून द्यायचे. फिरंगी राजे, फिरंगी बायका, फिरंगी कुत्री. काढणाऱ्यांपैकी एकानेही तो देश पाहिलेला नव्हता.

कारखान्याची रीत अशी, की एका हाताने एकच गोष्ट काढायची. जन्मभर. एकाने पानं, एकाने पाणी, एकाने घोडे. ताटली हातोहात पुढे सरकायची. चेहरे सगळ्यांत शेवटी, आणि ते काढणारा माणूस एकच. तोवर ताटलीवरची सगळी मंडळी बिनतोंडाची उभी.

आणखी एक रीत होती. चित्रात काय चाललंय ते विचारायचं नाही. दिसतं तसं काढायचं आणि पुढे द्यायचं.

युआनने अकरा वर्षं कपड्यांच्या चुण्या काढल्या होत्या. नुसत्या चुण्या! मी असतो तर अकराव्या दिवशी पळून गेलो असतो.

चेहरे फान गुरुजी काढायचे. पण त्यांचा हात आता थरथरायला लागला होता. एका पाद्र्याचं काम आलं तेव्हा ते युआनला म्हणाले होते, "या वेळी चेहरे तू काढ. जमले तर कुंचला तुझा. नाही जमले तर पुन्हा चुण्या."

एवढंच बोलले होते. पण अकरा वर्षं वाट बघितलेल्या माणसाला तेवढं पुरतं. तीन दिवस तो धड जेवला नव्हता.

आज दुपारी ताटल्या भट्टीत जायच्या होत्या. उद्या वारा फिरला की जहाज सुटणार होतं, त्यामुळे आज नाही तर नाहीच. आणि भट्टीचं असं असतं, की ताटली एकदा आत जाऊन आली की रंग कायमचा बसतो. मग कोणी डोकं आपटलं तरी निघत नाही. त्याआधी मात्र ओल्या अंगठ्याने पुसला जातो.

गुरुजींनी पेला खाली ठेवला. एक ताटली उचलून डोळ्यांजवळ नेली.

मधोमध उंच लाकडी खांब. त्याला एक आडवं लाकूड. त्यावर एक उघडाबंब माणूस, दोन्ही हात पसरलेला. खाली गर्दी, घोडे, भाले. चार शिपाई मध्ये एक झगा ठेवून फासे टाकत बसलेले.

खांबावरचा माणूस हसत होता.

अगदी गोड हसत होता हो!

"मूळ चित्रात हा हसतोय?" गुरुजींनी विचारलं.

"मूळ चित्राला जहाजात ओल लागली होती. नेमकी याच्या तोंडावर. तिथे नुसता डाग आहे. बाकीचे चेहरे दिसतात तसे काढले. हा तेवढा मी डोकं चालवून काढला."

"असं? काय चालवलंस डोकं?"

"सोपं आहे गुरुजी. एवढी माणसं जमलीत, घोडेस्वार आलेत, लोक फासे खेळतायत. म्हणजे जत्रा. आणि जत्रेत उघड्या अंगाने खांबावर कोण चढतं? कसरतवाला. वर पोचला, हात पसरले, आता खालून वाहवा होणार. मग तो हसणार नाही तर काय रडणार?"

मला विचाराल तर यात खोट काढायला जागा नव्हती. मीही हेच म्हटलं असतं.

"आणि तळहातांवर ही फुलं?"

युआनचा चेहरा खुलला. "आली ना लक्षात! चित्रात तिथे नुसते काळे ठिपके होते. फार ओकंबोकं दिसत होतं. मी प्रत्येक ठिपक्याला पाच पाकळ्या दिल्या. पायावर पण आहे बघा एक."

गुरुजींनी ताटली खाली ठेवली.

"भिंतीला पाठ लावून उभा राहा," ते म्हणाले.

"कोण, मी?"

"हात पसर. याच्यासारखे."

युआनला वाटलं, कुंचला द्यायची काहीतरी जुनी रीतभात असेल. तो उठला, लाकडी भिंतीला टेकला, हात पसरले. हसत होता तो. खरंच हसत होता.

गुरुजी अंगणात गेले. तिथे ताटल्या भरायच्या पेट्या ठोकणं चाललं होतं. ते परत आले तेव्हा त्यांच्या एका हातात हातोडा होता आणि दुसऱ्या हातात पेटीचा लांब खिळा.

खिळ्याचं टोक त्यांनी युआनच्या उजव्या तळहातावर टेकवलं. बरोबर मध्यावर.

"गुरुजी...?"

म्हाताऱ्याचा हात थरथरत होता. त्यामुळे खिळाही थरथरत होता. टोकाखाली कातडीला खळगा पडला.

"गुरुजी, काय करताय?"

हातोडा वर गेला.

"गुरुजी! नको!"

युआन असा किंचाळला की पानं काढणाऱ्याच्या हातातला कुंचला सुटला. घोडे काढणारा उभाच राहिला.

हातोडा खाली आला. भिंतीवर. हातापासून चार बोटं दूर.

फळी चिरली.

युआन जागच्या जागी खाली बसला.  दात वाजत होते.

ज्याने मला हे सांगितलं त्याला मी तिथेच थांबवलं. म्हटलं, हे काय शिकवणं झालं? हात जरा जास्त थरथरला असता म्हणजे? असले गुरू नकोत रे बाबा!  माझं बोलून संपेपर्यंत तो थांबला आणि पुढे सांगायला लागला.

"ती फुलं नव्हती," गुरुजी म्हणाले.

युआनने आपला तळहात बघितला. मध्यावर एक लाल ठिपका उठला होता. मग त्याने ताटली बघितली. मग ते ओल लागलेलं चित्र.

"म्हणजे... याला..."

"ठोकलंय. हातांना आणि पायांना. मरेपर्यंत असंच टांगून ठेवायचं. तशी शिक्षा असायची तिथे."

"आणि हे फासे...?"

"त्याचा झगा कोणी घ्यायचा ते ठरवतायत. तो वर जिवंत असताना."

 तो झगा त्यानेच काढला होता. चुण्या मोजून. वर काठाला हौसेने सोनेरी रेघ दिली होती.

"तुम्हाला कसं माहीत?"

"पाद्र्याला विचारलं. दुभाष्या होता त्याच्याबरोबर."

"पण आपल्यात विचारायचं नसतं!"

"नसतं," गुरुजी म्हणाले.

"मग मला का नाही सांगितलंत? तीन दिवस नुसते बघत बसलात? अहो, मी त्या मरणाऱ्या माणसाला चाळीस वेळा हसवलं! खिळ्यांना पाकळ्या काढल्या! आणि वर तुमच्याकडे कुंचला मागत बसलो..."

तो रडायला लागला. चारचौघांत, मोठा माणूस. जिथे अकरा वर्षं मान ताठ ठेवून बसला होता तिथेच.

"नको मला तो कुंचला. चुण्याच बऱ्या."

गुरुजींनी हातोडा खाली ठेवला.

युआनने डोळे पुसले. अंगठा पाण्यात बुडवला आणि पहिलं हसू पुसलं. मग दुसरं. मग तिसरं. फुलंही पुसली, हातांवरची, पायांवरची. मधून मधून पाणी बदलावं लागत होतं. कोणी त्याला थांबवलं नाही, कोणी मदतही केली नाही.

बाहेरून भट्टीवाला ओरडला, "झालं का नाही अजून? विस्तव तयार आहे!"



पाटावर चाळीस ताटल्या, आणि प्रत्येकीत एक बिनतोंडाचा माणूस हात पसरून.

युआनने पहिली ताटली ओढली. तळहातांवर खिळे काढले, पायावर काढला. जसे होते तसे, काळे, टोकदार. मग चेहरा काढला. फाटलेले डोळे. वासलेलं तोंड. हात पसरून भिंतीला टेकल्यावर जे जे झालं होतं ते सगळं त्यात घातलं.

"बघा," तो म्हणाला. आवाज अजून ताळ्यावर नव्हता.

गुरुजींनी बघितलं. "चांगलं आहे. लगेच ओळखू येतं."

"कोण ओळखू येतं?"

"तू. मघाशी भिंतीपाशी उभा असलेला."

युआन चिडला. चिडणारच की! "मग याचं तोंड होतं तरी कसं? पाद्र्याला एवढं विचारलंत, हे नाही विचारलं?"

"विचारलं."

"काय म्हणाला?"

"मला माहीत नाही म्हणाला."

 युआनने तेही तोंड पुसलं.

दारात भट्टीवाला येऊन उभा राहिला होता. आतली माणसं बघून तो उंबऱ्यावरच बसला.

"ही बाई," गुरुजींनी ताटलीच्या तळाशी नख टेकवलं. "पाठमोरी. मान वर करून बघतेय. हिची पाठ कोणी काढली?"

"मी. सत्तावीस चुण्या आहेत."

"सुरेख आहेत. कोण आहे ही?"

"असेल बघ्यांतली कोणी."

"त्याची आई."

पानं, पाणी, घोडे... सगळ्यांचे हात थांबले.

युआनने ताटली जवळ घेतली. ती पाठ त्याने चाळीस वेळा काढली होती. प्रत्येक वेळी सत्तावीस चुण्या मोजल्या होत्या. बाईकडे एकदाही बघितलं नव्हतं.

"तू गाव सोडलंस तेव्हा केवढा होतास?" गुरुजींनी विचारलं.

"चौदा वर्षांचा."

"आई धक्क्यावर आली होती?"

"...हो."

"पुन्हा भेटली?"

युआनने मानेनेच नाही म्हटलं.  दुसऱ्याच वर्षी ती गेली, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. त्याच्यापाशी तो विषय कोणी कधी काढला नव्हता.

"नाव सुटली तेव्हा ती तुझ्याकडे बघत होती?"

"शेवटपर्यंत."

"तुझं तोंड कसं होतं तेव्हा?"

"मला तर पाण्यात उडी मारून परत जावंसं वाटत होतं, गुरुजी.  पण ती बघत होती ना... म्हणून मी..."



त्याने कुंचला उचलला. त्या पाठमोऱ्या बाईकडे एकदा बघितलं, आणि खांबावरच्या माणसाचं तोंड काढलं. फार वेळ लागला नाही. डोळ्यांच्या दोन रेघा, ओठांची एक.

मग त्याने ताटली जरा लांब धरली.

"गुरुजी! हे... हे काय झालं?"

खिळे ठोकलेला माणूस आईकडे बघून हसत होता.

"हे तर तेच आहे! सकाळचंच! ओठांची रेघसुद्धा तीच... इतकं सगळं पुसलं, आणि पुन्हा तेच हसू काढून बसलो!"

गुरुजींनी पाण्याचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं.

"तेच असेल, तर पुसून टाक."