आवडाबाई आणि तीन करंज

एकदा काय झालं, समुद्राकाठच्या एका राज्यात आवडा नावाची बाई राहत होती. नाव आवडा, पण स्वभाव भारी संशयी. दूध पातळ लागलं की म्हणायची, गवळ्याने पाणी घातलं. कोंबडीने अंडं दिलं नाही की म्हणायची, शेजारणीने पळवलं.

तिचा नवरा गलबतावर गेला तो परतलाच नव्हता. पदरात दोन मुली. राजाने तिला आणि तिच्या धाकट्या जावेला, विठाला, कोकोची एकेक बाग दिली होती. कोको म्हणजे ज्याच्या बियांचं चॉकलेट होतं ना, ते झाड बरं का. राजाची अट एकच. बाग सुकली, की बाग परत.

आवडाच्या बागेत तीन जुने करंज होते. त्यांच्या सावलीत कोको वाढायचा. पण एका वर्षी विठाच्या बागेत फळं जास्त लागली. झालं. आवडाच्या मनात आलं, माझ्या मातीतलं सत्त्व कोणीतरी खातंय.

तिने पहिल्या करंजाकडे पाहिलं. चांगला गलेलठ्ठ, हिरवागार. "हाच तो," ती म्हणाली. मग कुऱ्हाड घेतली नि त्याला आडवा केला.

मग पाऊस आला आणि तिथली उघडी माती धुऊन घेऊन गेला. आवडाला वाटलं, विठानेच टोपल्या भरून नेली. तिने दोन्ही बागांच्या मधोमध काट्यांचं कुंपण घातलं. दुसऱ्या करंजाच्या फांद्या विठाच्या बागेकडे झुकलेल्या. म्हणजे हा तिला फितूर. मग तोही पाडला.

मग उन्हाळा आला. जमीन खापरासारखी तापली. कोकोची पानं कडेने करपली, कोवळी फळं काळी पडून गळली. राजाची माणसं महिन्याभरात बाग बघायला यायची होती.

विठा कुंपणापलीकडून म्हणाली, "जाऊबाई, तिसरा तरी ठेवा."

आवडाने विचार केला, ही एवढं सांगते त्या अर्थी हिचा काहीतरी डाव आहे. तिने कुऱ्हाड उचलली.

तेवढ्यात करंज बोलला. "आवडे, तोड हवं तर. पण आधी दिवसभर माझ्या पायाशी बस. चोर दिसला, की घाव घाल."

मग आवडा बसली. मांडीवर कुऱ्हाड, डोळे वटारलेले. सकाळी एक पान पडलं. मग दुसरं. दुपारी एक पान आपसूक सरकलं. आवडा सावध झाली. तिने हळूच पाचोळा बाजूला केला. एक गांडूळ ते पान बिळात ओढून नेत होतं. खाली तसलीच आणखी कितीतरी. आणि माती कशी? काळी, ओलसर, भुसभुशीत. भर उन्हाळ्यात गार.

मग ती तोडलेल्या करंजांच्या जागी गेली. तिथे कुदळ घातली तर दगडावर आपटल्यासारखी खणकन वाजली. एक गांडूळ नाही, एक ओला कण नाही. आवडाने कुऱ्हाड नेऊन घरात ठेवून दिली.

संध्याकाळी तिने स्वतःच्या हातांनी कुंपण उपसलं आणि विठाच्या दारात गेली. "विठा, मी तुझ्यावर आळ घेतला. माती तू नेली नाहीस. मीच घालवली."

विठाने दार पुरतं उघडलं. मग म्हणाली, "मला फार लागलं होतं, जाऊबाई. या आत."

दुसऱ्या दिवशी विठाने आपल्या बागेतली करंजाची रोपं दिली. रोपं मोठी होईपर्यंत दोघींनी कोकोवर झावळ्यांची सावली केली, बुंध्याशी पाचोळा पसरला. राजाची माणसं आली तेव्हा करपलेल्या फांद्यांना तांबूस पालवी फुटत होती. त्यांनी माती उकरून पाहिली, वास घेतला. म्हणाली, "बाग जिवंत आहे. राहू दे बाईकडेच."

मग आवडा, विठा आणि त्यांची मुलंबाळं सुखाने राहिली, आणि करंज पानं गाळत राहिला. चला, पाय पांघरुणात घ्या, मी दिवा मालवते.