चिचुंद्रीच्या बिळातली दोन यंत्रं

यंत्रांना तोंड होतं आणि ती ते गिऱ्हाइकावर सोडत, त्या काळची गोष्ट. रेवती चिचुंद्रीचं पिल्लू सारखं खोकायचं. रेवती शिकलेली, म्हणजे काळजीसुद्धा वाचून करणारी. तिनं दोन यंत्रं पारखायला आणली: ओल शोषणारा डीह्युमिडिफायर आणि हवा गाळणारा एअर प्युरिफायर. बिळात जागा एकालाच होती.

“बाई, भिंतींना घाम फुटलाय. मलाच ठेवा,” पहिला म्हणाला.

“भिंतींचं काय घेऊन बसलास? इथे नाक चुरचुरतंय!” दुसरा म्हणाला.

रेवतीला दोघांचंही पटलं. तिला नेहमी सगळ्यांचंच पटायचं.

“यंत्रं भांडू देत,” सासूबाई म्हणाल्या, “पिल्लाच्या धुरीची वेळ झाली.”

रेवतीनं शेगडीत ओवा आणि लसणाची सालं टाकली, वर त्याच धगीवर ओले लंगोट वाळत घातले. बीळ धुरानं आणि वाफेनं भरलं. पिल्लू खोकून खोकून लालबुंद झालं.

“बाई,” दोन्ही यंत्रं एका सुरात म्हणाली, “आमच्या पोटापाण्याची सोय तुम्हीच करताय की!”

रेवती वरमली. तिनं लंगोट आणि शेगडी दोन्ही बिळाबाहेर नेली. पिल्लाला जरा श्वास मिळाला.

“अगं, रीत मोडतेस?” सासूबाई ओरडल्या.

“नाही हो आई, उन्हात ठेवतेय.”