कुंडातला तपकिरी थर

फार वर्षांमागे एका डोंगरात गुहा होती आणि गुहेच्या तोंडाशी गोड्या पाण्याचं कुंड. गुहेत शेकडो वटवाघळं उलटी लटकत. खालच्या वाडीतले लोक मानत, की आपली गेलेली माणसंच तिथं राहायला आली आहेत.

वाडीतल्या भिवराचा नवरा नुकताच वारला होता. ती रोज दिवस मावळताना कुंडापाशी बसे. वटवाघळं बाहेर पडली, की त्यांच्या पंखांचा वारा तिच्या तोंडाला लागे. तेवढ्यानं तिला बरं वाटे.

कुंडातल्या दगडांवर तपकिरी, बुळबुळीत थर होता. एके दिवशी ती काथ्या घेऊन दगड घासायला बसली.

तिथं गुरांना पाणी पाजायला आलेला म्हातारा सटवाजी म्हणाला, "पोरी, तो मळ नाही. बारीक शेवाळ आहे ते. जिवंत आहे."

"असेल, बाबा. पण माझं माणूस इथं राहतं. त्याच्या दारात ही घाण? तिची आणि त्याची काय बरोबरी?"

आठ दिवसांत दगड लख्ख झाले. मग पाण्यावर भिरभिरणारे किडे दिसेनासे झाले. वटवाघळं कुंडावर घिरट्या घालत आणि उपाशीच परतत. रोज थोडी कमी होत गेली. एका संध्याकाळी एकही बाहेर आलं नाही.

भिवरा आत शिरली. छत रिकामं होतं. पायाखाली वाळलेले पंख कुरकुरले. तिनं नवऱ्याला हाक मारली. तिचाच आवाज आतून परत आला, पण तो तिला स्वतःचा वाटला नाही.

ती धावतच सटवाजीकडे गेली. "बाबा, वटवाघळं का गेली?"

"शेवाळ खाऊन अळ्या वाढायच्या. अळ्यांचे किडे व्हायचे. किड्यांवर ती जगायची. तू त्यांचं ताटच पुसलंस."

"आता काय करू?"

"वरच्या ओढ्यातले दगड ओलेच आणून टाक. घासू नकोस. आणि थांब."

भिवरानं महिनाभर टोपलीतून दगड वाहिले. वर्ष गेलं. एका संध्याकाळी सात वटवाघळं कुंडावर आली.

"इतकीच?" वाडीतल्या बायकांनी विचारलं.

"इतक्यांपुरतंच शेवाळ धरलंय अजून," भिवरा म्हणाली, आणि पाणी न ढवळता हळूच उठली.

तात्पर्य एवढंच: ज्याला आपण मळ समजतो, त्यावरच आपलं जिवलग जगत असेल, म्हणून पुसण्याआधी जाणत्याचं ऐकावं.