बारा पूर्णांक सात

तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात निगडेसर नावाचे रसायनशास्त्राचे वृद्ध अध्यापक होते. निवृत्तीला चारच महिने उरलेले. स्वभाव मिश्कील, पण प्रयोगशाळेत शिस्त कडक. त्यांच्या वर्गात तस्लीम मुजावर नावाची विद्यार्थिनी होती. तिचे वडील बेकरीत भट्टीवर काम करत. औषधांचे कारखाने, साखर कारखाने, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा, सगळीकडे रसायन शिकलेल्यांना काम मिळते, हे ऐकून तिने तो मुख्य विषय घेतला होता. ज्ञानाची तहान वगैरे गोष्टी तिने कधी सांगितल्या नाहीत. घर सावरायचे आहे, एवढेच ती म्हणे.

त्या महाविद्यालयात एक जुनी रीत होती. आम्लाच्या प्रयोगाचे उत्तर दहा पूर्णांक दोन मिलिलीटर येते, हे वरच्या वर्गाच्या जर्नलांतून पिढ्यानपिढ्या खाली उतरत आलेले. मुले ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीतून, थेंब सोडत, द्रव गुलाबी झाला की खुणेकडे न पाहता दहा पूर्णांक दोन लिहून मोकळी होत. यंदाही एकोणतीस जणांनी तेच लिहिले. तस्लीमला मात्र बारा पूर्णांक सात आले. तिने ब्युरेट धुऊन पुन्हा केले, तिसऱ्यांदाही केले, तरी आकडा हलेना. शेजारणीने समजावले, की स्वतःचे हसे कशाला करून घेतेस, सगळ्यांचे आले ते लिही. तस्लीमने रडवेल्या चेहऱ्याने बारा पूर्णांक सातच लिहिले आणि जर्नल दिले.

मुख्य विषय बदलून घेण्याचा तो शेवटचा दिवस होता. जिला साधा प्रयोग जमत नाही तिला कारखान्यात कोण उभे करील, असा विचार करून ती दुपारी अर्ज घेऊन सरांकडे गेली. त्यावर त्यांची सही हवी होती. सरांनी अर्ज शांतपणे वाचला, घडी करून खिशात घातला आणि तिला वर्गात चलायला सांगितले.

वर्गात सर्वांसमक्ष त्यांनी एकोणतीस जर्नलांवर लाल रेघ मारली आणि फक्त तस्लीमच्या जर्नलवर सही केली. मुले चक्रावली. एक जण धीर करून म्हणाला, की दहा पूर्णांक दोन तर दरवर्षी बरोबर असते.

"असतं ना. म्हणून आज सकाळी मी बाटलीतलं आम्ल बदललं," सर म्हणाले. "चूक तुमची तेवढीच माझीही आहे. इतकी वर्षं मी डोळे मिटून सह्या केल्या. पण ऐका. उद्या कारखाना तुम्हाला पगार देईल, तो सूत्रं पाठ आहेत म्हणून नव्हे. तुम्ही लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवून कुणी औषध घेईल, कुणी नळाचं पाणी तान्ह्या बाळाला पाजेल. तस्लीम नोकरीसाठी या विषयाला आली. त्यात कमीपणा काही नाही. आणि त्या नोकरीला जे लागतं ते तिच्यापाशी आजच आहे. सगळा वर्ग एका बाजूला असताना तिनं दिसलं तेच लिहिलं. पोरी, मला तुझा अभिमान वाटतो."

मग त्यांनी खिशातून अर्ज काढला, पेन उघडले आणि सही करू का, असे विचारले.

"नको, सर," तस्लीम म्हणाली. तिने अर्ज त्यांच्या हातून घेतला आणि तिथेच फाडून टाकला. डोळे पुसायचे मात्र ती विसरली.

दुसऱ्या दिवशी साऱ्या वर्गाने प्रयोग पुन्हा केला. कुणाचे बारा पूर्णांक सहा आले, कुणाचे बारा पूर्णांक आठ, एकाचे तर तेरा पूर्णांक एक. तो बिचारा खोडरबर शोधू लागला. सरांनी त्याला थांबवले आणि हात सुधार, आकडा खोडू नकोस, असे बजावून सही केली. त्यांच्या उभ्या नोकरीत इतके वेगवेगळे आकडे एका दिवशी आले नव्हते, आणि इतक्या अभिमानाने त्यांनी कधी सह्याही केल्या नव्हत्या.