दोन तीरांमधला दूत

पूर्वी शाल्मलीनगरावर धृतवीर्य राजाची सत्ता होती, तेव्हा बोधिसत्त्व सौम्यदत्त या नावाने त्याचा दूत होता. त्या राज्यात अफूची शेते दूरवर पसरली होती. बोंडांचा चीक वाळवून त्याचे गोळे करीत आणि नावांत भरून नदीपलीकडच्या राज्यात विकायला पाठवीत. तिथला राजा वेणुमित्र याने एके दिवशी त्या नावा अडवल्या. धृतवीर्याने सौम्यदत्ताला बोलावून सांगितले, "त्याला गोडीने समजाव. नावा सुटल्याशिवाय परतू नकोस."

सौम्यदत्त पलीकडे सात महिने राहिला. विक्रेत्यांचा माणूस म्हणून त्याच्याशी कोणी बोलत नसे. संध्याकाळी तो एकटाच फिरे. विणकरांच्या आळीत माग बंद पडले होते. एका घरात एक बाई नवऱ्याला जेवायला हाका मारीत होती, आणि तो अफूच्या गुंगीत तिच्या समोरच बसला होता.

शेवटी वेणुमित्राने त्याला सभेत बोलावले. "दूतवर, तुमच्या नगरात अफू विकायला मुभा आहे?"

"फक्त वैद्यांना, महाराज."

"इतरांना का नाही?"

याचे खोटे उत्तर धृतवीर्याने निघतानाच पढवून ठेवले होते. ते ओठांवर येऊन थांबले. सौम्यदत्त म्हणाला, "आमची माणसे नासू नयेत म्हणून."

"आणि आमची?"

सौम्यदत्ताने मान खाली घातली. "जो नियम आमच्याकडे, तोच इथेही हवा. औषधापुरतीच अफू नदी ओलांडेल, असा करार मी माझ्या राजापुढे ठेवीन."

तो करार धृतवीर्याने वाचलासुद्धा नाही. त्याने सौम्यदत्ताला हद्दपार केले. सौम्यदत्ताच्या सख्ख्या भावानेही निरोपाला दार उघडले नाही. वेणुमित्राने आपल्याकडे मंत्रिपद देऊ केले. सौम्यदत्त म्हणाला, "ते घेतले तर मी विकला गेलो असे लोक म्हणतील, आणि करार बुडेल." नदीच्या मधल्या बेटावर झोपडी बांधून तो राहिला. दरवर्षी तो धृतवीर्याला कराराविषयी एक पत्र पाठवी. उत्तर कधी आले नाही. पुष्कळदा दिवस दिवस त्याला स्वतःचा आवाजही ऐकू येत नसे.

इकडे अडून राहिलेला माल व्यापाऱ्यांनी शाल्मलीनगरातच चोरून खपवला. अकराव्या वर्षी धृतवीर्याचा धाकटा भाऊ अफूपायी गेला. त्याचा तेरावा होताच राजा नावेतून बेटावर आला. समोरच्या वाळलेल्या म्हाताऱ्याला तो क्षणभर ओळखेना.

"करार आहे अजून?" त्याने विचारले.

"आहे, महाराज."

वेणुमित्रालाही बोलावणे गेले. दोन्ही राजांनी त्या झोपडीत मुद्रा उठवल्या. धृतवीर्य म्हणाला, "आता घरी चल."

"घरी आता कोणी उरले नाही," सौम्यदत्त म्हणाला. दोन्ही नावा आपापल्या तीराकडे गेल्या. त्या दिसेनाशा होईपर्यंत तो काठावर उभा होता.

एवढे सांगून शास्ता, म्हणजे भिक्षूंचे गुरू, म्हणाले, "भिक्षूंनो, त्या काळचा धृतवीर्य म्हणजे तुमच्यातला उपसीह, वेणुमित्र म्हणजे ज्येष्ठ भिक्षू थेर धम्मगुत्त, आणि बेटावरचा दूत मीच होतो. सोबतीला कोणी नसतानाही जे सोडायचे नसते, ते सत्य. ही त्या जन्मातली माझी सत्यपारमिता."