खिडकीला सांगितलेली नावे

एकदा एका डोंगरमाथ्यावरच्या कार्यशाळेत शर्वाणी नावाची तरुण अभियंती एका वृद्ध गुरूंकडे शिकत होती. सगळे त्यांना तात्या म्हणत. लशींच्या शीतपेट्यांवर पहारा देणारी लहान यंत्रे तिथे घडत. पेटी तापू लागली की यंत्राने दूरच्या आरोग्यकेंद्राला कळवायचे. त्या यंत्राला चालवणारी लिनक्स ही संगणकप्रणाली मुळापासून बांधण्याचे काम शर्वाणीकडे आले.

बांधणीपूर्वी संगणकाला काही गोष्टी सांगाव्या लागत. यंत्रातला सर्किट बोर्ड कोणता, सामग्री कुठून घ्यायची, तयार झालेले कुठे ठेवायचे. यांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स म्हणतात. शर्वाणी ती टर्मिनलच्या काळ्या खिडकीत एकेक टाइप करी. अडले की आणखी एक जोडून देई. असे अठरा दिवस गेले. दाराबाहेर धुके उतरे, पुन्हा विरे. पडद्यावर अक्षरांच्या ओळी संथ वाहत, आणि आपणही त्यांच्यासोबत कुठेतरी तरंगत चाललो आहोत असे तिला वाटे.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी बांधणी पूर्ण झाली. यंत्रावर हिरवा दिवा लागला. तात्या आले, दिवा पाहून हसले आणि त्यांनी पडद्यावरची ती काळी खिडकी बंद केली.

"तात्या! अहो, हे काय केलंत?"

"पुन्हा बांध बघू."

नव्या खिडकीत तिने आठवेल तसे सारे टाइप केले. दुपारी बांधणी संपली, एकही चूक न दाखवता. यंत्र मात्र मुकेच राहिले. बोर्डाचे नाव सांगायचे राहून गेले होते. प्रणालीने आपल्या मनाने दुसरेच धरले होते. शर्वाणीचे डोळे भरून आले.

तात्या शेजारी बसले. "तू खिडकीला सगळं सांगितलंस. खिडकी मिटली, तिच्याबरोबर तेही मिटलं. मीही असाच आठवणीवर बांधायचो. एकदा तापानं आडवा झालो, आणि माझ्यामागे कुणालाच बांधणी जमली नाही. बारा केंद्रांतली यंत्रं नव्या बांधणीवाचून महिनाभर बंद. लशी नासल्या. त्या गावांची नावं मला अजून पाठ आहेत."

तिने डोळे पुसले. "म्हणजे अठरा दिवस वाया गेले?"

"वाया कशाला? फक्त लिहायचे राहिलेत."

तिने सगळ्या सूचना एका फाइलमध्ये उतरवल्या. प्रत्येकीपुढे ती का लागते तेही लिहिले. तीन दिवस लागले. मग तात्यांनी ती फाइल अब्बासला दिली. तो यंत्रांची जोडणी करी. बांधणी त्याने कधी पाहिलीही नव्हती. शर्वाणीला त्यांनी बाहेर पायरीवर बसवले. आतून अब्बासचे पुटपुटणे ऐकू येई. कितीदा तरी उत्तर तिच्या ओठांवर आले आणि तिने ते गिळले. धुके पायरीपर्यंत आले.

संध्याकाळी अब्बास दारात आला. "ताई, चालू झालं. मला काही विचारावंच लागलं नाही."

अभिमान वाटेल असे शर्वाणीला वाटले होते. वाटले ते निराळेच. आपण तिथे नव्हतो, तरी काम नीट पार पडले. त्यातले सुख तिला आजवर ठाऊक नव्हते. ती तशीच, शांत, धुक्यात बसून राहिली.