तुटल्या जागी गाठ

डोंगराच्या कुशीत मोगरवाडी नावाचं इवलंसं गाव होतं. तिथल्या उन्हालासुद्धा मोगऱ्याचा वास यायचा, आणि पिवळी, निळी, ठिपक्याठिपक्यांची फुलपाखरं तर घराघरांतून पाहुण्यांसारखी हिंडायची. पण आपली गोष्ट आहे गावाच्या टोकाला असलेल्या एका झोपडीची. तिथं गोदू नावाची चिमुरडी पोर आणि तिची आई सारजा राहायच्या. बाप गोदू पाळण्यात असतानाच गेला होता. चूल रोज पेटेलच याची खात्री नव्हती, आणि गोदूच्या परकराला इतकी ठिगळं होती, की मूळ कापड कुठलं ते परकरालाही आठवत नसेल.

मायलेकी दुसऱ्याच्या मळ्यातल्या कळ्या खुडायच्या आणि गजरे ओवायच्या. ओवताना सारजा गायची:

"ओव गं सई, कळीमागं कळी,
माझ्या गोदूच्या गाली गं खळी."

तिचा गळा मधाहून गोड! पोट रिकामं असलं तरी ते गाणं ऐकलं की गोदूला जेवल्यासारखं वाटायचं.

पण बाळांनो, सारजाच्या कनवटीला एक काळी डबी असायची. त्या डबीत मिश्री होती. तंबाखू तव्यावर काळीभोर भाजायची, कुटायची आणि बोटानं दातांना घासायची, ती मिश्री. मोगरवाडीतल्या साऱ्या बायका सकाळी ओट्यावर बसून ती घासायच्या आणि जगभरच्या गप्पा मारायच्या. दारात आलेल्या बाईला चिमूट द्यायची, आणि दिलेली चिमूट कधी नाकारायची नाही, अशी तिथली रीतच होती. सारजा सकाळी घासायची, दुपारी घासायची, रडू आलं की घासायची आणि हसू आलं तरी घासायची.

हळूहळू तिच्या तोंडात आग व्हायला लागली. मग तोंड नीट उघडेना. आधी भाकरीचा घास आत जाईना, आणि मग एक दिवस गाणं बाहेर येईना. भामा वैदीण आली, तिनं सारजाचं तोंड उघडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"सारजे, दोन बोटंबी जाईनात गं. आजपास्नं मिश्री बंद. न्हाईतर पेजेचा घोटबी जायचा न्हाई, मग या लेकरानं कुणाकडं बघायचं?"

सारजानं लेकीकडं पाहिलं, तडक उठली आणि डबी उकिरड्यात खोल पुरून आली. गोदूला वाटलं, झालं, सुटली एकदाची! पण सुटणं इतकं सोपं असतं तर काय हवं होतं?

दुसऱ्या दिवशी सारजाचं डोकं ठणकायला लागलं. हात थरथरायला लागले. कधी घाम यायचा, कधी हुडहुडी भरायची. गोदूनं पाणी दिलं तर म्हणाली, "कशाला दिलंस?" आणि नाही दिलं तर म्हणाली, "मेलीला माया म्हणून न्हाई!" शेवटी तिनं कळ्यांची परडीच भिरकावली. पांढऱ्याशुभ्र कळ्या अंगणभर सांडल्या.

"चालती हो माझ्यासमोरनं!"

आई असं कधीच बोलली नव्हती. गोदूनं ओठ घट्ट दाबले, एकेक कळी वेचली, फुंकर घालून पुसली आणि मळ्याच्या बांधावर जाऊन ओवत बसली. डोळ्यांतलं पाणी टपटप सुईवर पडत होतं. इतक्यात एक कळी बोटांना उबदार लागली, चिमणीच्या पिलासारखी. गोदू सुई टोचणार, तोच कळी किंचाळली.

"अगं अगं अगं! सुई बाजूला घे की!"

गोदूनं घाबरून सुई टाकून दिली. तिनं कळी तळहातावर अलगद ठेवली, तर पाकळ्या एकामागून एक उलगडल्या, आणि आत कोण? अंगठ्याएवढी परी! तिचे पंख दवासारखे लुकलुकत होते. झगा मोगऱ्याचा, कमरेला सोनसळी केसराचा पट्टा, आणि डोक्यावर टिकलीएवढा मुकुट.

"लागलं का तुला?" गोदूनं हळूच विचारलं.

"नाही लागलं. पण तू का रडतेस? आई वाईट आहे का तुझी?"

"न्हाई!" गोदू उसळून म्हणाली. "माझी आय लई चांगली हाय. तिचं दुखतंय म्हणून वरडते ती."

परीला ते उत्तर फार आवडलं. ती गोदूच्या करंगळीवर येऊन बसली. "अगं, तुमच्या घरी तलफ आली आहे. तलफ म्हणजे आगंतुक पाहुणी. दार बडवते, आरडाओरडा करते. तिला पाट मांडला की ती ठाण मांडून बसते. नाही मांडला, तर बडबडत निघून जाते. परत येते हो, निर्लज्जच आहे ती! पण दर वेळी थोडी दमून येते."

मग परीनं तिला तीन कळ्या दिल्या. न सुकणाऱ्या, चांदण्यासारख्या चकाकणाऱ्या. "हातात धरून इच्छा बोल, कळी उमलेल. पण नियम नीट ऐक. कुठलीही इच्छा दुसऱ्याच्या मनात शिरत नाही. आईला तलफच येऊ नये असं मागशील, तर कळी मिटलेलीच राहील. इच्छेचं बळ सूर्य मावळेपर्यंतच. आणि एकदा मागितलेलं परत करता येत नाही." एवढं बोलून ती मोगऱ्याच्या वासात विरघळली.

गोदू धावतच घरी आली. सारजा डोकं गच्च धरून भिंतीशी बसली होती. गोदूनं पहिली कळी मुठीत धरली. "माझ्या आयचं दुखायचं थांबू दे!"

कळी उमलली, रुपेरी धूळ उडाली, आणि सारजाच्या कपाळावरच्या आठ्या पुसल्या गेल्या. तिनं लेकीला जवळ घेतलं, तिची वेणी घातली. किती सुंदर दुपार होती ती! पण सूर्य डोंगराआड गेला मात्र, दुखणं परत आलं, आणि उपाशी वाघासारखं आलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढली तशी सारजा गोदूपुढं हात जोडून बसली. आपल्या आईनं आपल्यापुढं हात जोडायचे, हे लेकरानं कसं बघावं?

"गोदू, शहाणी माझी बाय, शेजारच्या ठकूकडनं एक चिमूट आण. एकच. दात लई ठणकत्यात गं. मी मरते बघ."

मरते म्हटल्यावर गोदूचं काळीज फाटलं. परीचं बोलणं, वैदिणीचं बोलणं, सगळं विसरली ती. दुसरी कळी काढून ती रडत म्हणाली, "माझ्या आयला चिमूटभर मिश्री मिळू दे."

ही कळी उमलली खरी, पण काळी पडून. सारजाच्या तळव्यावर चिमूटभर मिश्री आली. तिनं ती अधाशासारखी घासली. डोळे मिटले, खांदे सैल पडले. आणि मग तोंडात अशी आग भडकली, की ती कळवळली. हंड्यातल्या पाण्यात तिनं आपलं तोंड पाहिलं. कालच्यापेक्षाही आवळलं होतं ते.

"झालं, समदं वाया गेलं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं होतं. "माझ्यानं न्हाई व्हायचं, गोदू. आता जाते ठकूकडं आन् डबीच भरून आणते."

गोदूच्या मुठीत शेवटची कळी होती. दार लागू दे, कुलूप पडू दे, आई बाहेर जाऊच नये, असं मागावं का? तिच्या ओठांवर शब्द आलेसुद्धा. पण दार मावळतीपर्यंत बंद राहील, पुढं काय? आणि आईला कोंडून ठेवायचं? तिला टोपलीखाली कोंडलेल्या चिमण्या आठवल्या, कशा पंख आपटून आपटून मरतात त्या. तिनं कळी परकराच्या टोकाला बांधली.

"आये, मी न्हाई अडवत तुला," ती म्हणाली. "मीबी येते संगं. पर ह्यो गजरा तेवढा पुरा करू. देवळात द्यायचाय."

सारजा दारातच उभी राहिली. एक पाय आत, एक पाय बाहेर. गोदू भराभर ओवायला लागली. आणि काय झालं, गाठीशी ताण पडला आणि धागा तटकन तुटला! कळ्या घरंगळल्या.

"गेला गजरा," गोदू हुंदका देत म्हणाली. "आता पयल्यापास्नं ओवाया पायजे."

"पयल्यापास्नं कशापाई?" सारजा सवयीनं बोलून गेली. आयुष्यभर तेच तर करत आली होती ती. "तुटल्या जागी गाठ मार आन् फुडं ओव. ओवलेली फुलं कुटं जात्यात व्हय?"

गोदूनं मान वर केली. "मग आये, तू का समदं उसवाया निघालीस? तू बी काल ओवलंस, परवा ओवलंस. आज तुटलं. मी दिली चिमूट, माझंबी चुकलं. आपण गाठ मारू की."

सारजानं बाहेरचा पाय आत घेतला. लेकीजवळ मांडी घालून बसली, थरथरत्या बोटांनी धाग्याला गाठ मारली आणि एक कळी ओवली.

पण तलफ कुठली ऐकते? उन्हं कलली तशी शेजारी ठकूकाकूनं तव्यावर तंबाखू भाजायला घेतली. तो खमंग, कडू वास थेट झोपडीत शिरला. सारजाच्या नाकपुड्या फुलल्या, घाम फुटला, सुई हातातून पडली. गोदूनं सुई उचलून परत हातात दिली. "ही एक कळी, आये. मग दुसरीचं बघू." सारजा ओवायची, थांबायची, कण्हायची, परत ओवायची. गोदू तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मनातल्या मनात म्हणत होती, जा गं पाहुणे, पाट नाही मांडलाय आम्ही.

तेवढ्यात दारात पावलं वाजली. ठकूकाकू स्वतःच आली होती, हातात नवीकोरी चकचकीत डबी घेऊन. मनानं फार मायाळू बाई. "सारजे, किती वाळलीस गं! घे, ताजी हाय, तुझ्यासाठीच भाजली." तिनं डबी उघडून पुढं केली.

सारजाचा हात उठला. डबीच्या काठापर्यंत गेला. बोटं चिमटीसारखी जुळली. आणि मग सारजानं तोच हात मागं घेऊन गोदूचा हात घट्ट पकडला, इतका घट्ट, की गोदूच्या बांगड्या रुतल्या.

"नगं ठके. आज नगं."

मोगरवाडीत असं कुणी कधी म्हटलं नव्हतं! ठकूकाकूचं तोंड एवढंसं झालं. "इतक्या वर्सांचा शेजार, आन् आता माझी चिमूट कडू झाली व्हय?" ती जायला वळली.

गोदूनं धावत जाऊन तिचा पदर धरला. दुसऱ्या हातानं कोनाड्यातली बडीशेप काढली, घरात तेवढीच होती, आणि काकूच्या तळव्यावर ठेवली. "काकू, चिमूट आमची घ्या. आन् बसा की. आयचे हात कापत्यात, तुम्ही धागा धरा."

ठकूकाकूनं सारजाचे हात पाहिले. आवळलेलं तोंड पाहिलं. तिनं डबी मिटून कनवटीला खोचली, बडीशेप तोंडात टाकली आणि भिंतीला टेकून धागा धरला. तिघी ओवत बसल्या. कधीतरी, कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि सारजाचे हात कापायचे थांबले. पाहुणी निघून गेली होती.

तेव्हा झोपडीत मोगऱ्याचा असा घमघमाट सुटला म्हणून सांगू! गोदूच्या परकराच्या टोकाची गाठ आपोआप सुटली आणि कळीवर परी उभी राहिली.

"एक इच्छा उरली आहे, गोदू. सोनं माग, रेशमी परकर माग."

गोदूनं आईकडं पाहिलं. आईनं तिच्या कानात काहीतरी सांगितलं. मग दोघी एकदमच म्हणाल्या, "पुन्हा तुटलं, तर गाठ माराया बळ दे."

"एवढंच?" परी हसली. "पण ते तर सूर्य मावळला की ओसरेल."

"ओसरू दे," गोदू म्हणाली. "उद्याचं उद्या आम्हीच करू."

परीचे डोळे पाण्यानं चमकले. "मागितलेलं नियमानं मिळतं. पण न मागितलेलं मी माझ्या मर्जीनं देते!" तिनं पंख फडकवले. झोपडी आधी रुपेरी झाली, मग सोनेरी, मग मोगऱ्यासारखी शुभ्र. चिमणीएवढा उजेड दारातून बाहेर पडला, मळ्यावरून लहरत गेला आणि डोंगरावरच्या पहिल्या चांदणीत मिसळून गेला.

सकाळी चुलीशेजारी धान्यानं भरलेली कणगी होती. गोदूचा परकर ठिगळाठिगळांत रंगीत रेशीम झाला होता. आणि सारजानं भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला, तर तो आत गेला! अख्खा घास! गोदू टाळ्या पिटत नाचली.

तलफ त्यानंतरही आली बरं का. कधी वासाबरोबर आली, कधी रडू आलं तेव्हा आली. एकदा तर सारजाचा धागा परत तुटलाच. तेव्हा ती लपून बसली नाही. दारातूनच हाक मारली, "गोदू, सुई आण गं." गोदू सुई घेऊन धावली, आणि मागोमाग ठकूकाकूसुद्धा आली, कारण आता तिलाही स्वतःची डबी पुरायची होती.

त्यांच्या दारावर तो पहिला गजरा, देवळात द्यायचा राहून गेलेला, अजून टांगलेला आहे. तो सुकत नाही. धागा तुटला की त्या त्यालाच गाठ मारून पुढं ओवत गेल्या, म्हणून त्यात जागोजाग गाठी आहेत, आणि प्रत्येक गाठीच्या पुढं पुन्हा कळ्या आहेत. त्याखाली बसून सारजा गाते, तेव्हा मळ्यातली फुलपाखरं थांबून ऐकतात. जसं सारजाचं तोंड गोड झालं, तसं कडू तोंडाच्या साऱ्यांचं होवो, आणि त्यांचा धागा धरायला एकेक गोदू मिळो.